एकही कसोटी न खेळलेला गोलंदाज मोठा कसा? पद्माकर शिवलकरांची कारकीर्द वाचताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा मुंबईच्या पद्माकर शिवलकरांना बिशनसिंग बेदींच्या तोडीचा डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणायचे, पण शिवलकरांच्या नावावर एकही कसोटी नाही. मग आजोबांचं बोलणं हे शिवाजी पार्कचं प्रेम होतं की त्यात तथ्य होतं? खेळपट्टीचा आखाडा केला, म्हणजे ती फिरकीला हवी तशी बनवली, की ५८९ बळी कुणालाही मिळाले असते का? आणि तुमचा धाकटा भाऊ, तोही डावखुरा फिरकी गोलंदाज, जिल्ह्याच्या संघात दोनदा निवडीवाचून राहिला. त्यानं या कारकिर्दीतून नेमकं काय घ्यावं?

मी स्वतः डावखुरी फिरकी टाकत मुंबईच्या मैदानांवर क्लबचं आणि ऑफिसचं क्रिकेट खेळलो, आणि पुढे मुलांना गोलंदाजी शिकवत आलो. शिवलकरांना ऐन भरात पाहण्याचं माझं वय नव्हतं. मुंबईच्या कांगा लीगमध्ये मात्र त्यांना जवळून पाहिलं, तेव्हा त्यांची उमेदीची वर्षं मागे पडली होती. म्हणून पुढे जे लिहितोय त्याचा मोठा भाग धावफलकावर आणि गोलंदाजीच्या कामाच्या अनुभवावर आधारलेला आहे.

पहिली गोष्ट. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. गोलंदाज किती चांगला होता, हा एक. त्याला देशाकडून का खेळवलं नाही, हा दुसरा. आपण बहुतेक वेळा दुसऱ्याच्या उत्तरावरून पहिल्याचं उत्तर ठरवतो: निवडला नाही, म्हणजे काहीतरी कमी असणारच. किंवा उलट: एवढे बळी घेऊन निवडला नाही, म्हणजे अन्यायच झाला. शिवलकरांच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरं तोकडी पडतात.

आधी गोलंदाज. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. डावात पाच बळी ४२ वेळा, सामन्यात दहा बळी १३ वेळा. यातले ३६१ बळी रणजी करंडकातले. कारकीर्द सुरू झाली १९६२ मध्ये, मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर परदेशी खेळाडूंनी भरलेल्या आंतरराष्ट्रीय संघाविरुद्ध, आणि पहिल्याच डावात त्यांनी पाच बळी घेतले. निवृत्तीनंतर काही वर्षांनी, १९८७-८८ च्या मोसमात, त्यांना पुन्हा मुंबईकडून खेळवलं गेलं तेव्हा त्यांचं वय ४७ होतं. तुमच्या आजोबांची पिढी हे आकडे पाठ म्हणत असेल, पण पाठ असणं आणि वाचता येणं यात फरक आहे. तुमची शंका रास्त आहे, म्हणून ती पूर्ण ताकदीनं मांडून बघू.

त्या काळच्या पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र हे संघ होते. सौराष्ट्र किंवा गुजरातचा तेव्हाचा संघ आजच्यासारखा नव्हता. दुबळ्या फलंदाजीसमोर कसलेल्या गोलंदाजाची सरासरी खाली येते, हे मान्यच करायला हवं. बॅटी आजच्यापेक्षा हलक्या होत्या, चुकलेला फटका सीमापार जायचा नाही. खेळपट्ट्याही बऱ्याचदा फिरकीला साथ द्यायच्या. शिवाय शिवलकरांच्या मागे मुंबईची फलंदाजी होती. फळ्यावर साडेतीनशे-चारशे धावा लागलेल्या असल्या की फिरकी गोलंदाज स्लिप, सिली पॉइंट, शॉर्टलेग असे फलंदाजाजवळचे सगळे क्षेत्ररक्षक लावून निवांत टाकू शकतो. दीडशे धावांच्या जोरावर तेच क्षेत्ररक्षण लावायला काळीज लागतं. आणि शॉर्टलेगला एकनाथ सोळकर उभा असेल, तर गोलंदाजाचे चार-दोन बळी त्याच्याच हातातून येतात.

एवढं सगळं वजा केलं तरी काही गोष्टी उलट्या बाजूनं जमेला धराव्या लागतात, आणि त्या हल्लीच्या प्रेक्षकाच्या लक्षात येत नाहीत. सगळ्यात मोठी म्हणजे पायचीत. आज डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचे ढिगानं बळी पायचीतचे असतात, कारण पुढचा पाय टाकून खेळणाऱ्या फलंदाजालाही पंच बाद देतात, आणि नाही दिलं तर रिव्ह्यू घेता येतो. त्या काळी फलंदाजानं पाय पुढे टाकला की पंचाचं बोट सहसा वर जायचं नाही. बॅट मागे लपवून पॅडनं चेंडू अडवणं ही तेव्हाची सर्रास युक्ती. म्हणजे न वळता आत येणारा आर्म बॉल कितीही चांगला पडला, तरी त्याचं निम्मं मोल वाया जायचं. बळी मिळवायचे ते झेल, यष्टिचीत नाहीतर त्रिफळा. या परिस्थितीत २० च्या आतली सरासरी दोन दशकं टिकवणारा माणूस फलंदाजाला सतत चुकीच्या जागी खेळायला लावत होता, असाच अर्थ निघतो.

आता खेळपट्टीचा मुद्दा. देशांतर्गत क्रिकेटचा धावफलक वाचताना मी एक कसोटी लावतो: त्याच सामन्यात, त्याच बावीस यार्डांवर, समोरच्या संघाच्या चांगल्या फिरकी गोलंदाजांना काय मिळालं? नुसते बळी बघून काही कळत नाही.

शिवलकरांच्या बाबतीत याचा सर्वात चोख पुरावा १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मिळतो. चेपॉक, तमिळनाडूचं घरचं मैदान. खेळपट्टी पहिल्या दिवसापासून वळत होती, आणि ती त्यांना हवी होती, कारण त्यांच्याकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार होते. दोघेही कसोटी खेळलेले. मुंबईनं पहिल्यांदा फलंदाजी करून १५१ केल्या. उत्तरात तमिळनाडू ८० वर आटोपलं, शिवलकर १६ धावांत ८ बळी. मुंबईचा दुसरा डाव ११३. तमिळनाडूपुढे लक्ष्य १८५, आणि ते ६१ मध्ये गारद. शिवलकर १८ धावांत ५. पाच दिवसांचा अंतिम सामना तिसऱ्या दिवसाच्या पहिल्या चेंडूवर संपला. मुंबईचं ते सलग पंधरावं विजेतेपद.

आता माझी कसोटी लावा. खेळपट्टी खराब होती हे निर्विवाद. पण ती दोघांनाही सारखीच खराब होती. कसोटी दर्जाची फिरकी जोडी हाताशी असूनही घरच्या मैदानावर तमिळनाडूला मुंबईला दोन डावांत मिळून २६४ च्या आत रोखता आलं नाही. मुंबईनं त्यांचे दोन्ही डाव मिळून १४१ मध्ये गुंडाळले. त्या सामन्यात शिवलकरांचे आकडे ३४ धावांत १३ बळी असे आहेत.

वळणाऱ्या खेळपट्टीवर बहुतेक गोलंदाज बिघडतात, हे मी शिकवताना वारंवार पाहिलंय. चेंडू हातभर वळताना दिसला की मुलं आणखी वळवायला जातात. मग चेंडू बॅटची कड सोडून लांबून जातो, टाळ्या मिळतात, बळी मिळत नाही. किंवा घाईनं चेंडू आखूड पडतो आणि फलंदाज मागे जाऊन सुखानं कट मारतो. अशा खेळपट्टीवर शहाणा गोलंदाज वळण कमी करतो, टप्पा किंचित पुढे ठेवतो आणि स्टंपच्या रोखानं टाकतो, म्हणजे फलंदाजाला प्रत्येक चेंडू खेळावा लागतो. बाकीचं खेळपट्टी बघून घेते. हे ऐकायला सोपं आहे. अंतिम सामन्यात, समोर मोजक्या धावा वाचवायच्या असताना, तासन् तास तेच करत राहणं ही विद्या आहे. शिवलकरांचा टप्पा हा त्यांच्या सगळ्या कर्तृत्वाचा कणा होता. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्याविरुद्ध खेळलेली माणसं सगळ्यात आधी त्यांच्या अचूकतेबद्दल बोलतात, चेंडू किती वळायचा हे नंतर येतं.

कांगा लीगचा यात मोठा वाटा असावा, असं माझं मत आहे. ही स्पर्धा भर पावसाळ्यात होते, १९४८ पासून. ओली, भसकन चेंडू थांबणारी किंवा एकदम उसळणारी विकेट, गुडघाभर गवताचं मैदान, निसरडा चेंडू. तिथे फलंदाज टिकायला शिकतो असं आपण नेहमी म्हणतो. गोलंदाजही शिकतो, आणि जास्त अवघड गोष्ट शिकतो: ओल्या चेंडूवर पकड ठेवून टप्पा न सोडणं. शिवलकर शिवाजी पार्क जिमखान्याकडून वर्षानुवर्षं, वय उलटून गेल्यावरही, ही लीग खेळत राहिले. मी पाहिलेले शिवलकर तेच. धावत येणं अगदी थोडं, खांदा पूर्ण फिरलेला, आणि फलंदाज पुढे यावा की मागे जावं या विचारात असतानाच चेंडू पडलेला. त्या वयात चेंडूला फारसा जोर उरला नव्हता, तरी आमच्यातले चांगले फलंदाज त्यांना पायांचा वापर करून खेळायला कचरायचे.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर स्पष्ट आहे. कसोटी दर्जाचा गोलंदाज, यात मला शंका नाही. बेदींच्या तोडीचा का, हे मात्र सांगता येणार नाही, आणि जो छातीठोकपणे सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बेदींनी २६६ कसोटी बळी मायदेशात आणि इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, वेस्ट इंडीजमध्ये फिरून घेतले. शिवलकरांना ती परीक्षाच मिळाली नाही.

आता दुसरा प्रश्न. का नाही निवडलं?

कारकिर्दीचा काळ समोर मांडला की चित्र दिसतं. १९६२ ला शिवलकर आले तेव्हा भारताकडे बापू नाडकर्णी आणि सलीम दुराणी हे दोन डावखुरे फिरकी गोलंदाज होते, दोघेही उत्तम फलंदाजी करणारे. १९६६ च्या शेवटच्या दिवशी कोलकात्यात बिशनसिंग बेदींनी पहिली कसोटी सुरू केली आणि १९७९ पर्यंत ते जवळपास हलले नाहीत. बेदी संघाबाहेर गेले तेव्हा शिवलकर जवळपास ३९ वर्षांचे होते, आणि जागा दिलीप दोशींकडे गेली. त्यानंतर रवी शास्त्री, मग मणिंदर सिंग. शिवलकरांची ऐन बहराची वर्षं आणि बेदींची वर्षं जवळपास तीच आहेत.

तेव्हाची स्पर्धा किती होती त्याचा अंदाज एका गोष्टीवरून येतो. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन ही सुप्रसिद्ध चौकडी एकाच कसोटीत एकत्र खेळली ती फक्त एकदा, १९६७ मध्ये एजबॅस्टनला. चौघांनाही जिथे एकत्र जागा होत नव्हती, तिथे पाचव्याला, तोही बेदींच्याच प्रकारच्या गोलंदाजाला, जागा कुठून येणार? संघाचा तोल म्हणून दुसरा डावखुरा हवाच झाला तर दुराणी होते, पुढे सोळकर होते. सोळकर मध्यमगती टाकायचे, गरज पडली तर फिरकी टाकायचे, धावा करायचे आणि २७ कसोटींत ५३ झेल घेऊन गेले. शिवलकर अकराव्या क्रमांकाच्या आसपासचे फलंदाज. कर्णधाराच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

आजही हेच चालतं. रवींद्र जडेजा आणि अक्षर पटेल एकाच कसोटीत दिसतात ते दोघेही फलंदाजी करतात म्हणून. शाहबाझ नदीमनं प्रथम श्रेणीत चारशेहून अधिक बळी घेतल्यावर, वयाच्या तिशीत, २०१९ मध्ये रांचीला कसोटी टोपी मिळवली, तीही ऐनवेळी कुलदीप यादवच्या दुखापतीमुळे. एकूण दोन कसोटी.

मुंबईकडे डोळेझाक झाली, मुंबईविरुद्ध राजकारण झालं, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. मला ती पटत नाही. तेव्हा निवड समितीत विभागवार सदस्य असायचे आणि ओढाताण व्हायची, हे खरं. पण १९७१ मध्ये समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट होते, मुंबईचेच. त्यांच्या निर्णायक मतानं कर्णधार झालेले अजित वाडेकर मुंबईचे, शिवलकरांना रोज स्लिपमधून पाहणारे. वाडेकर १९७४ पर्यंत कर्णधार होते. आपल्याच गोलंदाजाची किंमत त्यांना कळत नव्हती, असं म्हणणं हास्यास्पद होईल. त्यांच्यापुढे बेदी होते, एवढंच.

मात्र एका प्रसंगात मला निवडकर्त्यांचा निर्णय समजत नाही, आणि तिथे मी तुमच्या आजोबांच्या बाजूनं आहे. १९७४ च्या अखेरीस वेस्ट इंडीजविरुद्ध बंगळुरूच्या पहिल्या कसोटीसाठी बेदींना शिस्तीच्या कारणावरून बाहेर ठेवलं गेलं. बऱ्याच वर्षांनी जागा रिकामी झाली. संघात नाव आलं हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचं. ठीक, गोयल सर्वार्थानं लायक होते. पण सामन्याच्या सकाळी तेही बाहेर बसले, आणि भारत प्रसन्ना, वेंकट हे दोन ऑफस्पिनर आणि चंद्रशेखर घेऊन उतरला. समोर ग्रीनिज आणि रिचर्ड्स पहिली कसोटी खेळत होते, लॉईड कर्णधार होता. भारत २६७ धावांनी हरला. रिचर्ड्ससारख्या उजव्या फलंदाजापुढे चेंडू बाहेर नेणारा बोटाचा फिरकी गोलंदाज का नको होता, याचं क्रिकेटच्या अंगानं पटेल असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. शिवलकर तेव्हा ३४ वर्षांचे, चेपॉकच्या त्या सामन्याला दोन वर्षंही झाली नव्हती. पुढच्या सामन्यात बेदी परतले आणि दार बंद झालं.

गोयल यांचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो, कारण त्यांच्याशिवाय शिवलकरांचं मूल्यमापन अपुरं राहतं. १५७ प्रथम श्रेणी सामन्यांत ७५० बळी, सरासरी १८.५८. रणजीतले ६३७ बळी हा आजही विक्रम आहे. आणि हे बहुतांश दुबळ्या संघाकडून खेळून, मागे मुंबईसारखी फलंदाजी नसताना. शिवलकरांच्या बाजूनं भांडणारे मुंबईकर गोयलांना विसरतात, ते मला खटकतं. सुनील गावस्करांनी आपल्या आवडत्या खेळाडूंवर लिहिताना दोघांनाही जागा दिली, आणि कर्णधार असताना या दोघांना संघात घेण्यासाठी निवडकर्त्यांचं मन वळवता आलं नाही, याची खंत पुढे जाहीरपणे बोलून दाखवली. बीसीसीआयनं २०१७ मध्ये सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दोघांना एकत्रच दिला. २०२० मध्ये गोयल गेले, ३ मार्च २०२५ ला शिवलकर.

थोडक्यात, दर्जा होता, जागा नव्हती, आणि जागा झाली त्या एका वेळी ती वापरली गेली नाही. आकडे वजा-जमा करून वाचले तरी मोठेच उरतात.

आता भावाबद्दल. दोनदा निवड हुकली एवढ्यावरून मला काहीच सांगता येत नाही. कारण ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे: त्याचं वय, जिल्ह्यात आधीपासून डावखुरा फिरकी गोलंदाज आहे का, तो फलंदाजी कितव्या क्रमांकाला करतो, क्षेत्ररक्षण कसं आहे. आधी हे तपासा. संघात त्याच्याच प्रकारचा, पण धावा करणारा मुलगा असेल, तर अडचण त्याच्या गोलंदाजीत नाही. अशा वेळी बरेच पालक आणि काही प्रशिक्षकसुद्धा मुलाची शैली बदलायला निघतात. जलद टाक, कॅरम बॉल शिक, हात खाली आण. असं करू देऊ नका. चुलीवरची भाकरी सारखी उलटली की ती कुठल्याच बाजूनं नीट भाजत नाही. गोलंदाजी बदलण्यापेक्षा त्याची फलंदाजी आठव्या क्रमांकापर्यंत आणा. शिवलकरांच्या काळापासून आजपर्यंत दुसऱ्या डावखुऱ्याला जागा मिळाली ती याच वाटेनं.

गोलंदाजीत एकच गोष्ट मोजा: षटकातले किती चेंडू फलंदाजाला पुढे यावं की मागे जावं या पेचात पाडणाऱ्या टप्प्यावर पडले. मी मुलांना नेटमध्ये फलंदाज न ठेवता, खेळपट्टीवर एक छोटा रुमाल टाकून, सलग लांब स्पेल टाकायला लावतो. पहिली काही षटकं सगळ्यांची छान पडतात. खांदा दमल्यावर टप्पा कुठे सरकतो ते बघायचं असतं. बहुतेकांचा आखूड होतो, काहींचा लेगला जातो. तो सरकणं थांबलं की मगच आर्म बॉलवर काम सुरू करायचं. पावसाळ्यात सराव बंद ठेवू नका, ओला टेनिस चेंडू घेऊन का होईना टाकत राहू दे.

आणि त्याच्या गेल्या मोसमातल्या सामन्यांची स्कोअरबुकची पानं मिळवा. त्याचे बळी नंतर बघा. कर्णधारानं त्याला कितव्या षटकात आणलं, सलग किती षटकं दिली, आणि त्याच सामन्यात समोरच्या फिरकी गोलंदाजांना किती धावा पडल्या, हे तीन रकाने एका कागदावर उतरवून काढा. दुसऱ्या टोकाचा गोलंदाज मार खात असताना कर्णधार चेंडू याच्याकडे देत असेल, तर तो मुलगा योग्य वाटेवर आहे. तसं होत नसेल, तर निवड समितीकडे जाण्याआधी त्या कर्णधाराशी बोला. भाऊ कुठे कमी पडतो, ते त्याला स्लिपमधून किंवा मिडऑफवरून आपल्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसलेलं असतं.